खाली सूज आली तर लपवू नका

आजचा विषय जरा अवघड आहे. पण घरात सासरे किंवा दीर बसले असतील म्हणून रेडिओचा आवाज बारीक करू नका. त्यांनाही ऐकू द्या. दुखणं त्यांच्या शरीराचं आहे, आणि त्याचा बोल मात्र बहुतेक वेळा आपल्याला लागतो.

मी नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाया मला अजून सिस्टरच म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात मलकापूरच्या बाजारात भाजी घेत होते. ओळखीची एक बाई आली आणि माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, जरा बाजूला या की." बाजूला गेलो. तिचा मुलगा अकरावीत. त्याला गालगुंड झालं होतं, आठवड्यात गाल उतरले. मग पुन्हा ताप चढला, पोरगं पाय फाकून चालायला लागलं. विचारलं तर काही बोलेना. तिसऱ्या दिवशी चुलत्यानं दरडावून विचारलं तेव्हा कळलं की अंडकोषाची एक बाजू लिंबाएवढी सुजून लाल झाली होती. आणि घरातली म्हातारी म्हणत होती, "गालगुंड खाली उतरलं. आता याला पोरबाळ व्हायाचं न्हाई."

"खरं व्हय ओ सिस्टर?" तिनं विचारलं. डोळ्यात पाणी होतं.

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, आत्ताच्या आत्ता पोराला दवाखान्यात ने. दुसरी, म्हातारी म्हणते ते बहुतेक पोरांच्या बाबतीत खरं नसतं. बाजारात उभ्याउभ्या एवढंच सांगता आलं. बाकीचं आज सांगते.

आपल्याकडं गोठ्यातल्या जनावराची सगळी माहिती बाईला असते. बैल कशासाठी बडवतात, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण नवऱ्याच्या किंवा मुलाच्या शरीराचा तोच भाग दुखला की आपण सगळे मुके होतो. तर आधी थोडं शरीराबद्दल. अंडकोष ही पिशवी. तिच्यात दोन गोळ्या असतात, त्यांना वृषण म्हणतात. वृषणाची कामं दोन. एक, शुक्रजंतू तयार करणं. दुसरं, पुरुषाचं संप्रेरक तयार करणं, ज्यामुळं मिसरूड फुटते, आवाज फुटतो. शुक्रजंतू बनायला शरीरापेक्षा दोनचार अंश कमी उष्णता लागते, म्हणून तर ही पिशवी शरीराच्या बाहेर लोंबती ठेवलेली आहे. प्रत्येक गोळीच्या मागच्या अंगाला एक बारीक नळी गुंडाळून बसवलेली असते. ती सरळ केली तर सहा मीटर भरेल. तिला अधिवृषण म्हणतात. तयार झालेले शुक्रजंतू या नळीत मुरतात, तिथूनच पुढं जातात.

सूज गोळीला आली तर तो वृषणदाह. मागच्या नळीला आली तर अधिवृषणदाह. पुष्कळदा दोन्हीला एकदम येते. आता गोळीच्या भोवती एक जाड, न ताणणारं आवरण असतं. बोटाला सूज आली तर कातडी ताणते, जागा होते. इथं जागाच नाही. पुरचुंडी घट्ट बांधून आतलं धान्य फुगलं तर जे होईल ते होतं. आतल्या नाजूक नळ्या दाबल्या जातात, त्यांना रक्त कमी मिळतं, त्यांतल्या काही मरतात. सूज उतरल्यावर काही महिन्यांनी गोळी लहान आणि मऊ झालेली दिसते ती यामुळं.

गालगुंडाचं असं आहे की लहान पोराला झालं तर ते सहसा गालावरच निभावतं. वयात आल्यानंतर झालं तर धोका वाढतो. वयात आलेल्या शंभर पुरुषांना गालगुंड झालं तर साधारण वीस ते तीस जणांच्या वृषणाला सूज येते, गाल सुजल्यावर आठदहा दिवसांच्या आत. पण त्यातल्या बहुतेकांची एकच बाजू सुजते. सुजलेल्या गोळ्यांपैकी निम्म्यापर्यंत पुढं थोड्याफार आकसतात. दुसरी बाजू धडधाकट असेल तर ती एकटी मूल व्हायला पुरते. एका डोळ्यानं दिसतं तसं. दोन्ही बाजू सुजल्या तर शुक्रजंतू कमी होण्याची भीती जास्त असते, तरीही पूर्ण वांझपण क्वचितच येतं. म्हणून म्हातारीला मी म्हणेन, आजी, तुम्ही बघितलेला एखादा असेल, पण त्यावरनं या पोराचं लगीन मोडू नका.

या दुखण्याला प्रतिजैविकाची गोळी लागू पडत नाही, कारण गालगुंड विषाणूनं होतं. डॉक्टर विश्रांती सांगतात, ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल देतात, आणि अंडकोषाला खालून आधार द्यायला सांगतात, म्हणजे घट्ट चड्डी किंवा लंगोट. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरायचा, थेट कातडीला लावायचा नाही. शेकायचं नाही, बिब्बा नाही, चुना नाही. चुन्यानं भाजलेली कोवळी कातडी मी बघितली आहे. पोरगं दुखण्यापेक्षा भाजल्यानं जास्त रडत होतं.

आता लशीचं. हे नीट ऐका, कारण इथं पुष्कळ आयांचा गैरसमज आहे. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात शाळाशाळांतून मोठी लसीकरण मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या पोरांना दंडात सुई टोचली. तेव्हा मीही आयांना समजावत फिरले होते. ती लस गोवर आणि रुबेलाची. तिच्यात गालगुंड नव्हतं. अंगणवाडीत नवव्या महिन्यानंतर आणि दीड वर्षाच्या सुमारास बाळाला जी मिळते तीही गोवर-रुबेलाचीच. गालगुंडासकट तिन्ही रोगांची जी लस असते, तिला एमएमआर म्हणतात, ती खाजगी बालरोगतज्ज्ञाकडं पैसे देऊन घ्यावी लागते. म्हणजे शाळेत सुई टोचून घेतलेली तेव्हाची नऊ-दहा वर्षांची पोरं आज मिसरूड फुटलेली झाली, गालगुंडापासून त्यांना काहीच कवच नाही, आणि वय नेमकं धोक्याचं. २०२४ च्या सुरुवातीला केरळात गालगुंडाचे हजारो रुग्ण झाले, ते आपण बातम्यांत ऐकलं. वसतिगृहात, तालमीत, कॉलेजात ही साथ झपाट्यानं पसरते. मोठ्या मुलालाही ही लस घेता येते, एक महिन्याच्या अंतरानं दोन डोस. गरोदर बाईनं मात्र घ्यायची नाही. सरकारनं ही लस फुकट द्यावी असं मला मनापासून वाटतं. आपण ग्रामसभेत रस्त्याचा, नळाचा विषय काढतो, मग हाही काढायला काय हरकत आहे?

ज्याला गालगुंड झालं त्याला गाल सुजल्यापासून पाच दिवस घरातच ठेवा, त्याचा तांब्या-वाटी वेगळी ठेवा. आणि आईनं किंवा बापानं त्याला साध्या शब्दांत सांगून ठेवावं, "बाळ, खाली दुखायला लागलं, सुजलं, तर लगेच सांग. लाजायचं नाही." हे एवढं वाक्य त्या बाजारातल्या बाईच्या घरात कुणी बोललं असतं, तर पोरानं तीन दिवस अंगावर काढले नसते.

आता सगळ्यात निकडीची गोष्ट. गालगुंड झालेलं नाही, ताप नाही, आणि दहा-बारा ते अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या एका बाजूला अचानक जोराची कळ येते. बऱ्याचदा झोपेतून उठूनच. मळमळतं, उलटी होते, पोट दुखतंय असंही म्हणतो. ती गोळी वर ओढल्यासारखी दिसते, हात लावू देत नाही. ही सूज नव्हे, हा पीळ. वृषण ज्या दोरीला लोंबतं ती दोरी आतल्या आत पिळली जाते, आणि तिच्यातनंच रक्त जात असल्यामुळं ते बंद होतं. सहा तासांच्या आत ऑपरेशन करून पीळ सोडवला तर गोळी बहुतेक वेळा वाचते. चोवीस तास झाले तर वाचणं फार अवघड, मग ती काढून टाकावी लागते.

सहा तास ऐकायला पुष्कळ वाटतात. हिशेब करून बघा. पोरगं रात्री दोनला उठलं. आईला सांगायला लाजलं, पहाटे सांगितलं. "सकाळी बघू" म्हणून तासभर गेला. येळवण जुगाईकडच्या एखाद्या वाडीतनं वाहन मिळून मलकापुरात यायचं, तिथून कोल्हापूर साधारण ४५ किलोमीटर. सहा तास संपले. म्हणून अशी कळ आली की उजाडायची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा. मलकापुरात डॉक्टरांना दाखवलंत तर त्यांना स्पष्ट विचारा, "पीळ असेल का? ऑपरेशन कुठं होईल?" कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, रात्रीही उघडं असतं. वाटेत पोराला चहा, दूध, काही देऊ नका, भूल द्यावी लागते. आणि कुणी म्हणालं की आधी सोनोग्राफी उद्या करू, मग बघू, तर थांबू नका. संशय असेल तर सर्जन थेट ऑपरेशनला घेतात. पीळ सोडवून गोळी टाक्यांनी जागेवर बसवतात, आणि दुसऱ्या बाजूलाही टाके घालतात, म्हणजे तिला पुढं कधी पीळ पडायला नको.

दिसायला सूज आणि पीळ सारखेच. घरी बसून ओळखायच्या भानगडीत पडू नका, तो डॉक्टरांचा प्रश्न आहे.

लग्न झालेल्या तरुण पुरुषात सूज येते ती पुष्कळदा जंतूंमुळं, लघवीच्या वाटेनं आत गेलेल्या. त्यात परम्यासारखे संबंधातून लागणारे आजारही असतात. वयस्कर माणसात लघवी तुंबल्यामुळं होतं. लघवीला जळजळ, पू, ताप, आणि एका बाजूला हळूहळू वाढणारी सूज. याला प्रतिजैविकं लागतात आणि ती दहा ते चौदा दिवस पुरी घ्यावी लागतात. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवायच्या नाहीत. संबंधातून लागलेलं असेल तर बायकोनंही औषध घ्यायचं, तिला काही त्रास नसला तरी. नाहीतर नवऱ्याचं बरं होतं, बायकोकडून पुन्हा त्याला लागतं, आणि तिच्या गर्भनलिका आतनं बंद पडायला लागतात. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये हे औषध मिळतं आणि नाव कुणाला कळत नाही. घरात यावरनं भांडण होईल हे मला ठाऊक आहे. भांडण औषधानंतर करा.

आणि आता आपल्या गोठ्याकडं येऊ. कारण शाहूवाडी तालुक्यात म्हैस नसलेलं घर शोधावं लागेल.

ब्रुसेलोसिस नावाचा जनावरांचा रोग आहे. सातव्या-आठव्या महिन्यात म्हैस किंवा गाय गाभडते, वार अडकते, पुन्हा लवकर गाभ धरत नाही. गाभडण्याची कारणं इतरही असतात, पण हे एक मोठं. या रोगाचे जंतू गाभडलेल्या वासरात, वारेत, स्रावात आणि दुधात असतात. तिथून माणसाला लागतात, कच्च्या दुधातून किंवा हाताच्या चिरेतून. माणसाला मग चढउताराचा ताप येतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर-सांधे दुखतात. टायफॉइड म्हणून महिना महिना औषधं चालतात, ताप परत येतो. आणि काही पुरुषांना यातच वृषणाची सूज येते. साध्या प्रतिजैविकाच्या आठ दिवसांच्या कोर्सनं ती जात नाही. दोन प्रकारची औषधं मिळून सहा आठवडे घ्यावी लागतात, आणि त्याआधी रक्ताची खास तपासणी करावी लागते. ती तपासणी डॉक्टरांना सुचावी यासाठी तुम्हीच सांगायला हवं, "घरात जनावरं आहेत, दोन महिन्यांखाली म्हैस गाभडली होती." हे वाक्य विसरू नका. मुंबई-पुण्यात शिकलेल्या डॉक्टरला गोठा आठवेलच असं नाही.

हा रोग जगाला कळला तो माल्टा नावाच्या बेटावर. तिथं इंग्रजांचे सैनिक तापानं आजारी पडत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं जंतू शोधला, म्हणून हे नाव. पण तो येतो कुठनं हे कळायला १९०५ उजाडलं. तिथल्याच एका डॉक्टरनं शेळ्या तपासल्या, तर दुधात जंतू. सैनिकांचं कच्चं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप झपाट्यानं कमी झाला.

आता कोल्हापूरकराला धारोष्ण दूध पिऊ नको म्हणणं म्हणजे काय, हे मला कळतं. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात, फेसाळ ग्लास उभ्याउभ्या रिकामा होतो. तालमीतल्या पोरांचं तर ते टॉनिकच. माझे वडीलही तसंच प्यायचे. म्हैस निरोगी असेल तर त्या दुधानं ब्रुसेलोसिस होत नाही. पण जंतू असलेली म्हैस बाहेरनं धडधाकट दिसते, दूधही चांगलं देते, आणि डोळ्यांनी ते कळायचा मार्ग नाही. मला विचाराल तर दूध एक उकळी आणूनच प्या. उकळल्यानं ताकद जात नाही, जंतू मात्र मरतात. डेअरीच्या पिशवीतलं दूध तापवून निर्जंतुक केलेलं असतं. आपल्या घरचं, पोरांना काढल्याकाढल्या देतो ते नसतं.

म्हैस अडली की हात घालायला पुढं कोण होतं? आपणच. तर पशुवैद्य यायच्या आधी उघड्या हातानं वार ओढू नका, निदान हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधा. गाभडलेलं वासरू आणि वार कुत्र्यांना टाकू नका, खोल खड्डा काढून चुना घालून पुरा. आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आणि रेडीला ब्रुसेलोसिसची लस टोचून घ्या. आयुष्यात एकदाच लागते. २०१९ पासून केंद्र सरकारच्या मोहिमेत ती फुकट आहे. फक्त माद्यांनाच द्यायची असते, आणि लस जिवंत जंतूंची असल्यामुळं सुई स्वतः टोचायचा उद्योग करायचा नाही. डॉक्टरांनाच बोलवा.

टीबीची सूजही असते. ती हळूहळू येते, फार दुखत नाही, मागच्या बाजूला गाठी लागतात. सरकारी औषध सहा महिने फुकट आहे. आणि न दुखणारी, दगडासारखी टणक गाठ गोळीतच लागली तर ती कॅन्सरचीही असू शकते, तरुण पोरांतसुद्धा. ताबडतोब दाखवलं तर बरा होणाऱ्या कॅन्सरपैकी तो आहे. न दुखणाऱ्या गाठीला माणसं दुर्लक्ष करतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता मूल होण्याचा प्रश्न.

सुजेमुळं नुकसान दोन तऱ्हांनी होतं. एक मघाशी सांगितलं, गोळीतला शुक्रजंतूंचा कारखानाच कमी होतो. दुसरं, कारखाना चालू असतो पण मागची सहा मीटरची नळी सुजेनंतर आतनं चिकटून बंद होते. दोन्ही बाजूंची नळी बंद झाली तर वीर्य दिसायला नेहमीसारखं असतं, त्यात शुक्रजंतू मात्र नसतात. नुसतं बघून कुणालाच कळणार नाही. तपासल्यावरच कळतं.

आणि इथं पुरुषांसाठी एक गोष्ट, ज्यांनी आवाज बारीक केला नसेल त्यांच्यासाठी. शुक्रजंतू कमी असणं आणि नपुंसक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुक्रजंतू शून्य असलेल्या माणसाचे संबंध अगदी नीट असू शकतात, कारण संप्रेरक बनवणारा भाग वेगळा आहे आणि सहसा तो टिकून राहतो. माणसं तपासणीला नाही म्हणतात ती याच भीतीनं, की रिपोर्टवर मर्दानगीचा आकडा लिहून येईल. तसा आकडा त्या रिपोर्टवर नसतोच.

मला एक घर आठवतं. गाव सांगत नाही. लग्नाला आठ वर्षं, मूल नाही. सून देवाला फिरली, अंगारे-धुपारे झाले, मग डॉक्टर. तिची सोनोग्राफी किती वेळा झाली त्याला गणती नाही. पिशवी धुतली. पोटात दुर्बीण घालून बघितलं. सोन्याच्या पाटल्या गेल्या. सासू दुसऱ्या लग्नाचं बोलायला लागली होती. एका नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मालकांची वीर्यतपासणी कुठाय?" कुठंच नव्हती. आठ वर्षांत कुणी सांगितलीच नव्हती, किंवा सांगितली तर त्यानं टाळली. शेवटी तो आला, मान खाली घालून. विचारल्यावर बोलला, एकोणिसाव्या वर्षी गालगुंड झालं होतं, दोन्ही बाजू सुजल्या होत्या, आईनं घरीच लेप लावले होते. तपासणीत शुक्रजंतू नव्हते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तरी नव्हते. क्वचितच होतं असं मी मघाशी म्हटलं, ते क्वचित त्याच्या वाट्याला आलं होतं. सासूनं तो रिपोर्ट हातात घेतला, वाचता येत नव्हता तरी किती तरी वेळ बघत बसली.

सून मला नंतर भेटली तेव्हा म्हणाली, "पोर न्हाई ते न्हाईच सिस्टर, पण आता मला कुणी वांझोटी म्हणत न्हाई. आन् ह्यांनी पहिल्यांदा माझ्यासंगं बसून चहा घेतला."

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईच्या कारणाबरोबर. म्हणून दोघांची तपासणी एकदमच सुरू व्हायला हवी, आणि पुरुषाची आधी झाली तर उत्तमच, कारण ती स्वस्त आहे, तिच्यात कापाकापी नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता वीर्य तपासायला द्यायचं. ते तासाभरात लॅबमध्ये पोचलं पाहिजे, म्हणून घरनं बाटली घेऊन एसटीनं निघण्यात अर्थ नाही, लॅबमध्येच द्यावं. एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळं ताप किंवा सूज येऊन गेल्यावर लगेच तपासलं तर आकडा खोटा कमी येतो. तीन महिने थांबा. आणि कमी आला तर एका तपासणीवर निकाल लावू नका, पुन्हा करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकाप्रमाणं एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाखांच्या वर शुक्रजंतू असतील तर संख्या ठीक समजतात. त्याच्या खाली असलेल्यांनाही मुलं होतात, वेळ लागतो.

नळी बंद असेल तर सुईनं थेट वृषणातनं शुक्रजंतू काढून, एकेक शुक्रजंतू एकेका स्त्रीबीजात सोडता येतो. ही रीत १९९२ पासून आहे, बेल्जियममधल्या डॉक्टरांनी आणली. टेस्ट ट्यूब बेबी तर आपल्याकडंही जुनी, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ ला मुलगी जन्मली. पण खर्च मोठा, लाखांत, आणि हमखास यश कुणीच देऊ शकत नाही. २०२१ च्या कायद्याप्रमाणं असं केंद्र नोंदणीकृत असावं लागतं. नोंदणी दाखवा म्हणायला घाबरू नका. "शंभर टक्के मूल" अशी पाटी लावणाऱ्याकडं, किंवा मूठभर जडीबुटीला दहा हजार मागणाऱ्याकडं जाऊ नका. गटाचं कर्ज काढून तिथं पैसे ओतलेल्या दोन बाया मला माहीत आहेत.

शेवटी तुमच्या चिठ्ठ्या.

सरूडहून एका ताईंनी विचारलंय, सासऱ्यांच्या अंडकोषात पाच वर्षांपासून सूज आहे, दुखत नाही, वाढत चाललीय. ताई, ते बहुधा पाणी साठलेलं असावं, त्याला अंडवृद्धी म्हणतात, किंवा हर्निया उतरलेला असेल. दोन्हीवर साधं ऑपरेशन आहे. दाखवा एकदा. हर्निया असेल आणि अचानक कळ येऊन उलट्या झाल्या तर मात्र तातडीनं न्या.

बांबवड्याच्या एका वहिनी विचारतात, नवरा तपासणीला तयार नाही, काय करू? वहिनी, भांडून येणार नाही. डॉक्टरांनाच सांगा की दोघांना एकत्र बोलवा आणि तुम्हीच त्यांना सांगा. बायकोनं सांगितलेलं टोचतं, डॉक्टरनं सांगितलेलं ऐकतात, असा माझा अनुभव. आणि ते येईपर्यंत तुमच्या पोटात दुर्बीण घालून घ्यायची घाई नाही.

तिसरी चिठ्ठी नाव नसलेली आहे. मुलाला सोळाव्या वर्षी सूज आली होती, एक गोळी लहान राहिलीय, आता स्थळ बघायचंय, मुलीकडच्यांना सांगायचं का? बाई, आधी त्याची तपासणी करून घ्या, तीही त्याच्या राजीखुशीनं. बहुतेक ठीक येईल, मग सांगण्यासारखं काही उरणारच नाही. कमी आली तर मात्र मुलाला स्वतःला त्या मुलीशी बोलू द्या, लग्नाच्या आधी. कुणाच्या तरी लेकीनं आठ वर्षं सोनोग्राफीच्या रांगेत उभं राहायच्या आधी.